दोघांत एकच सायकल

मिरजगावच्या बाजारात कापडवाल्यांच्या पालांमागं चावडीची भिंत होती, तिच्यावर ते पत्रक डकवलेलं होतं. नगरच्या एका तालमीनं ऐन थंडीत शर्यत ठेवली होती. मिरजगावातून निघायचं आणि नगरला पोचायचं, तेही जोडीनं, आणि प्रत्येक जोडीला सायकल मात्र एकच. लढाईचे दिवस होते. टायर-ट्यूब डोळ्यांना दिसत नव्हती, गावात होत्या तेवढ्या सायकलींपैकी निम्म्या आढ्याला टांगून ठेवलेल्या. म्हणून तालमीवाल्यांनी ही तऱ्हा काढली असावी. एकानं सायकलवर पुढं जायचं, ठरलेल्या जागी ती रस्त्याकडेला लावायची आणि तिथून पायी पळत सुटायचं. मागून पळत येणाऱ्यानं ती उचलायची, पहिल्याला गाठून पुढं जायचं आणि त्यानंही ती पुढं कुठंतरी लावून ठेवायची. असं आलटून पालटून तीस-पस्तीस मैल. दोघं माणसं आणि सायकल, तिन्ही पोचली तर शर्यत पुरी झाली. पहिल्या जोडीला बक्षीस होतं दोन कोरे टायर आणि ट्यूब.

मी ते पत्रक वाचलं, पुढं जाऊन वांगी घेतली, परत येऊन पुन्हा वाचलं.

तेव्हा मी विशीचा होतो. मराठी सातवीची फायनल पास झालो होतो आणि शाळाखात्याच्या नेमणुकीची वाट बघत घरी बसलो होतो. बसलो होतो हे म्हणायला. मला बसता येत नव्हतं. जेवताना मांडी हलायची, तर आई पाठीत धपका घालायची. मोटेवर वडिलांच्या बैलांमागं मी धावल्यासारखा चालायचो आणि बैल बिथरायचे. सोबतीची पोरं पलटणीत भरती होऊन गेली होती. मीही गेलो होतो. भरतीवाल्यानं माझ्या छातीला फीत लावली, हसला आणि म्हणाला, दूध पी. तेव्हापासून तर रस्त्यानं लष्करी लॉरी गेली की मी उठून बांधापर्यंत जायचो आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभा राहायचो.

सायकल आमच्याकडं नव्हती. म्हणजे होती आमचीच, पण दाजींकडं. अक्काच्या लग्नात वडिलांनी ती दाजींना दिली होती. त्यांची वाडी आमच्या गावापासून तीन कोसांवर, आणि अक्काला माहेरी आणणं-नेणं त्या सायकलवरच व्हायचं. अक्का मागच्या कॅरिअरवर एका अंगानं बसायची आणि गावात शिरायच्या आधी ओढ्यापाशी उतरून पदर सारखा करून चालत यायची. दीड वर्षापूर्वी ऐन पावसाळ्यात ती आमच्या घरी बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पोरगी वाचली. तिला माझ्या आईनं शेळीच्या दुधावर वाढवलं.

दाजी दर बाजाराला यायचे. सायकल भिंतीला लावायची, ओट्यावर बसायचं, पोरीला गुडघ्यावर घ्यायचं. बोलायचे फार थोडं. पोरगी त्यांच्या पटक्याचा शेव तोंडात घालून चोखायची आणि ते तिला चोखू द्यायचे. तासाभरानं आई भाकरी वाढायची, जेवायचे, निघायचे. अक्का गेल्यावर त्यांच्या आणि माझ्या वडिलांच्यात बोलायचं असं काही उरलंच नव्हतं. पीक-पाणी बोलून झालं की दोघं रस्त्याकडं बघत बसायचे.

त्या दिवशी मी त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो आणि वाटेत शर्यतीचं सांगून टाकलं.

"नगरला?" ते म्हणाले. "पळत?"

"निम्मं पळत. निम्मं सायकलवर."

"तुला काय नगरला काम हाय का?"

"काम न्हाई. शर्यत हाय."

ते सायकल हातात धरून चालत होते. पुढच्या टायरवर बोट फिरवलं. टायरला जागोजाग आतून चामड्याचे तुकडे लावलेले होते आणि तरीही एके ठिकाणी दोरा दिसायला लागला होता. "टायर देतील खरंच?"

"पत्रकात छापलंय."

"हा उन्हाळ्यापतोर टिकत न्हाई," ते म्हणाले. "मग मला बाजाराला चालतच यावं लागंल." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "बरं मास्तर. पळू."

नेमणूक झाली नव्हती तरी ते मला मास्तर म्हणायचे. चिडवायला नव्हे, आधीपासूनच सवय लावून घ्यावी तसं.

*

आमची तयारी मार्गशीर्षात सुरू झाली. दाजी पहाटे वाडीवरून निघायचे, मी घरून. ओढ्यापाशी भेट व्हायची आणि मग नगरच्या सडकेनं घोगरगावच्या अंगानं जायचं आणि परत यायचं. थंडी अशी असायची की हँडलला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. मी हातांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळायचो. ज्वारी पोटऱ्यात आली होती, तिच्या पानांवरचं दव सडकेकडेच्या फुफाट्यात पडून फुफाटा घट्ट व्हायचा, आणि त्यावरून अनवाणी पळायला बरं वाटायचं. सडकेच्या मध्ये खडी होती. तिथं पाय टाकला की संपलं.

दाजी पळायचे ते नांगर धरल्यासारखे. एका चालीनं, खांदे न हलवता, तोंड मिटून. मी सुरुवातीला भन्नाट सुटायचो, मैलभरात छातीत कळ यायची, मग चालायचो, मग लाज वाटून पुन्हा सुटायचो. पण माझी खरी अडचण पळण्याची नव्हती. सायकलवर असलो की मला वाटायचं, दाजी मागं दमले असतील, आणि मी ठरलेल्या मैलाच्या दगडाच्या आधीच सायकल लावून टाकायचो. पायी असलो की वाटायचं, सायकल तिथं नसणार. कुणी उचलली असेल. दाजी विसरले असतील. प्रत्येक वळणाला मी मान उंच करून बघायचो आणि त्यातच माझा दम जायचा.

एकदा दाजींनी मला थांबवून सांगितलं. "तू सारखा मागं का बघतोस?"

"तुमी येताय का बघतो."

"मी न्हाई येनार तर कुठं जानार? सडक एकच हाय."

"पडलात-बिडलात तर?"

"पडलो तर उठंन. तू तुजं पळ." मग जरा नरमाईनं म्हणाले, "दोन दगड म्हनजे दोन दगड. मी दोन दगडांवर सायकल लावनार, तू दोन दगडांवर लावनार. मधी इचार करायचा न्हाई."

मैलाच्या दगडांचा हा हिशेब आम्ही शेवटपर्यंत पाळला. विचार न करणं मात्र मला जमलं नाही.

आईला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. मी घामेजून परत आलो की ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी असायची. "रानात काम न्हाई का तुला? आन् त्या मानसाला कशाला पळवतोस? घरी म्हातारी, रानात एकटा जीव. त्याला पळायला बरं सुचतं!" पण दाजी आत आले की तीच बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची, आणि त्यांनी नको म्हटलं तर म्हणायची, "खा. लई वाळलायसा."

मला वाटतं दाजींना ते पळणं आवडायला लागलं होतं. एका सकाळी परत येताना ते एकदम मोठ्यानं हसले. का हसलात विचारलं तर म्हणाले, "काई न्हाई. सायकल लावून पळायला लागलो आन् सायकलकडं मागं वळून बघितलं. एकलीच हुबी हुती बाभळीखाली. म्हसरावानी." अक्का गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

शर्यतीला आठवडा राहिला आणि एका पहाटे दाजी आलेच नाहीत.

मी ओढ्यापाशी उजाडेपर्यंत येरझाऱ्या घातल्या. मग राहवेना, म्हणून तसाच पळत त्यांच्या वाडीवर गेलो. अंगणात एक अनोळखी छकडा उभा होता, बैल सोडून दावणीला बांधलेले, आणि त्यांच्यापुढं आमच्या दाजींच्या घरचा कडबा. ओसरीवर दोन परके जोडे होते. दाजींची आई भिंत चाचपडत बाहेर आली. तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. "कोन हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. त्यावर ती नको इतक्या मोठ्यानं म्हणाली, "ये की. च्या घे."

तेवढ्यात दाजी मागच्या दारानं आले. धुतलेला सदरा घातलेला. मला खांद्याला धरून त्यांनी फाटकापर्यंत आणलं. "उद्या येतो," म्हणाले.

"पाव्हनं कुठलं?"

"पाथर्डीकडलं."

"कशाला आलेत?"

"उद्या येतो म्हनलं ना," ते म्हणाले आणि आत गेले.

मी येताना चालत आलो. घरी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं मला काही माहीत नव्हतं, पण ते परके जोडे डोळ्यांपुढून हलत नव्हते. पोरगी अंगानं बारीक, तेव्हा कुठं धरून-धरून चालायला लागली होती. ती माझा पायजमा धरून उभी राहिली, तर मला तिच्याकडं नीट बघवेना. दुसऱ्या दिवशी दाजी आले, पळाले, भाकरी खाल्ली, गेले. पाव्हण्यांचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. तो सगळा आठवडा असाच गेला.

*

शर्यतीच्या आदल्या दिवशी नगरच्या जोड्या कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आल्या, सायकली टपावर बांधून. तालमीतले लोक होते, दंड भरलेले, पायात किरमिजी कापडी बूट. ते देवळात उतरले. त्यांच्याकडं बघून माझी झोप गेली.

सकाळी पाटलांनी पागोटं हलवलं आणि सगळे सुटले. ठरल्याप्रमाणं पहिल्यांदा सायकल माझ्याकडं. ज्यांच्या हाती सायकल ते सगळे घोळक्यानं, घंट्या वाजवत पुढं निघाले, आणि पळणारे मागं पडत गेले. मी एकदाच मागं बघितलं. दाजी पळणाऱ्यांत सगळ्यांत मागं होते, त्याच नांगराच्या चालीनं. दोन दगड झाल्यावर मी सायकल लिंबाला लावली आणि पळत सुटलो. काही वेळानं मागून घंटी वाजली. दाजी जवळून जाताना म्हणाले, "हळू. लई लांब हाय." आणि गेले.

असं घोगरगावापर्यंत अगदी बिनचूक चाललं. सायकल दिसायची, मी ती घ्यायचो, दाजींना गाठायचो, पुढं जायचो. आम्ही काही जोड्या मागं टाकल्या. बूटवाल्यांतला एक जण बूट हातात घेऊन अनवाणी लंगडत होता. ऊन अजून कोवळं होतं, तोंडातून वाफ निघत होती, आणि मला प्रथमच वाटलं की हे जमणार.

घोगरगाव मागं पडल्यावर दाजी सायकलवरून मला ओलांडून गेले. मी दोन दगड मोजले. दुसऱ्या दगडापाशी सायकल नव्हती.

मी थांबलो. दगडाच्या मागं बघितलं, चारीत बघितलं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बाभळीची रांग होती, तिच्यातून फिरून आलो. मोजायला चुकलो असेन म्हणून पुढं पळालो. पुढच्या दगडापाशीही नव्हती. मागं टाकलेल्या जोड्या एकेक करून पुढं गेल्या. लंगडणारा बूटवालासुद्धा सायकलवरून गेला आणि जाताना त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली.

कुणी चोरली, हे पहिल्यांदा मनात आलं. मग दुसरं आलं आणि ते जाईना. अंगणातला छकडा आला, ओसरीवरचे जोडे, धुतलेला सदरा. वाटलं, दाजी निघून गेले. नगरला नव्हे, आमच्यातूनच गेले, आणि सायकलही त्यांचीच होती, तीही घेऊन गेले. हे खुळ्यासारखं होतं, मला कळत होतं. पण पाय पळत होते आणि डोकं त्यांच्या पुढं पळत होतं. रडू येत होतं की थंडीनं डोळ्यांतून पाणी येत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. रुईच्या अलीकडं सडकेला लांबलचक चढ आहे. तो मी हातांनी गुडघे दाबत चढलो.

माथ्यावर पोचल्यावर पलीकडच्या उताराच्या तळाशी मला ते दिसले. खांद्यावर सायकल घेऊन माणूस चालला होता. पळत म्हणावं तर पळत नव्हता, चालत म्हणावं तर चालत नव्हता. ओझं घेऊन जी दुडकी चाल लागते ती.

मी ओरडलो. त्यांनी मागं बघितलं नाही. मी तसाच उतारानं खाली सुटलो आणि त्यांना गाठलं.

"बाभळीचा काटा," त्यांनी खांद्यावरची सायकल खाली ठेवून सांगितलं. "आन् ट्यूब फाटली ती हवा भरायच्या वॉलपाशीच. पंचर काढायची जागाच न्हाई."

"मग ठेवायची की मला!"

"मोडकी सायकल तुला ठिवून मी फुडं जाऊ? काय केलं असतंस तिचं?"

"मग थांबायचं!"

"थांबलो असतो तर पायात गोळे आले असते. म्हनलं घिऊन चालत ऱ्हावं. तू गाठशीलच." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "रडतोस का?"

"न्हाई."

सडकेला लागून ज्वारीचं रान होतं. बांधाजवळ एक बाई आगटीपाशी बसून कणसं भाजत होती. तिनं आम्हाला हाक मारली. "आरं बाबांनो, मगाधरनं बगतीया, समदी पळत्यात! कुठं आग लागलीया का?" आम्ही सायकल घेऊन तिच्याकडं गेलो. बोटं इतकी ताठली होती की पाना धरता येत नव्हता. तिनं आम्हाला आगटीवर हात शेकू दिले आणि ओंजळभर हुरडा दिला. दाजींनी टायरची एक कड रिमवरून उतरवली आणि फाटकी ट्यूब बाहेर ओढली.

"त्येच्यात पाचट कोंबा की," बाई म्हणाली. "उशीवानी."

पाचट कोंबून बघितलं. दाबलं की भुगा होत होता. दाजी उकिडवे बसून टायरकडं बघत राहिले. मग डोक्याला हात घालून त्यांनी पटका सोडला. तो रोजचाच पटका होता, धुऊन धुऊन विरलेला, पोरीनं चोखून शेव पिवळा केलेला. त्यांनी तो पिळून दोरासारखा केला आणि टायरच्या पोकळीत भरायला लागले. मी त्यांना उघड्या डोक्यानं पहिल्यांदा बघत होतो. कानांच्या वर केस पांढरे व्हायला लागले होते.

टायरची कड परत रिममध्ये बसवायला आमच्याकडं घरून आणलेले दोन चमचे होते. एक मी दाबून धरला होता, दुसऱ्यानं ते कड आत लोटत होते. तोंडं अगदी जवळ आली होती. वर न बघता ते म्हणाले,

"मास्तर, माजं लगीन ठरलंय."

मी चमचा तसाच दाबून धरला.

"कवा?"

"माघात. आईला चुलीतला जाळ दिसत न्हाई आता. परवा पदर पेटला तिचा." कड सटकली. त्यांनी पुन्हा लावली. "मला करायचं नव्हतं आसं म्हनत न्हाई मी. खोटं कशाला बोलू."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"आठ दिस सांगायचं म्हनतोय. तू सापडतोस कुठं? तू सायकलवर तवा मी पळतोय, मी सायकलवर तवा तू." हे बोलताना ते हसले नाहीत. "आन् तुज्या आईला कसं सांगावं हे कळंना."

"पोरीचं काय?"

"तुमी म्हनाल तसं."

"आमी काय म्हननार? आमी कोन?" माझा आवाज चढला. आगटीपाशी बसलेली बाई आमच्याकडं न बघता निखारे सारखे करायला लागली. "आमचं कुनीच न्हाई आता तुमच्याकडं!"

 कड रिममध्ये बसली, तसं दाजींनी चाक उचलून फिरवलं. पटका एका ठिकाणी जाड झाला होता, तिथं चाक धडधड करत होतं. पण फिरत होतं. "सायकल तू घे," ते म्हणाले. "दमलायस."

"तुमी घ्या," मी म्हटलं आणि पळत सुटलो.

मी रागानं पळालो. त्या दिवशीचं माझं सगळ्यांत चांगलं पळणं ते होतं, आणि त्यात शर्यत कुठं नव्हतीच. दाजी धडधडत मागून आले आणि पुढं गेले. दोन दगडांवर सायकल चिंचेच्या बुंध्याला टेकवलेली होती. मी ती उचलली. रुईच्या वस्तीतून जाताना लोक उघड्या डोक्याच्या माणसाबद्दल काहीतरी बोलत होते. तो पुढं गेला एवढं मला कळलं. मी त्यांना गाठलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि त्यांच्या टाळूवर घाम चमकत होता. माझ्या मनात होतं की सरळ पुढं निघून जावं. तसा मी गेलोही, दहा-वीस हात. मग ब्रेक दाबला.

"पाथर्डीकडं कुठली?" मी विचारलं. ते पळतच होते, मी पाय टेकून उभा होतो.

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. "दरसाल ऊसतोडीला जात्यात. गरीब हायेत." माझ्या जवळून पुढं जाताना म्हणाले, "फुडं हो. शर्यत हाय."

नगरजवळ आलो तसे लष्करी लॉऱ्यांच्या रांगाच लागल्या. गोरे शिपाई मागं बसून आम्हाला शिट्ट्या मारत होते. किल्ल्यात मोठमोठे पुढारी कोंडून ठेवले होते, म्हणून पोलिसांनी शर्यत गावाबाहेरच्या मैदानातच संपवायला लावली होती. दाजी माझ्या आधी तिथं पोचले आणि रेघेच्या अलीकडंच थांबले. मी आलो. दोघांनी एकेका बाजूनं हँडल धरलं आणि रेघ ओलांडली. पहिली जोडी केव्हाच जेवून आपापल्या घरी गेली होती. आम्ही मधे कुठंतरी आलो होतो. तालमीच्या पंचानं टायर दाबून बघितला, भेगेतून डोकावणारं कापड चिमटीत धरलं आणि विचारलं, "हे काय?"

"पटका," दाजी म्हणाले.

पंच हसायला लागला, मग त्याचं हसू थांबलं. त्यानं आम्हाला दोघांना मूठ-मूठ रेवड्या दिल्या.

*

परत येताना मोटारीत मी माझी टोपी काढून त्यांना दिली. ती त्यांच्या डोक्यावर बसेना, वाटीसारखी वरच राहिली. त्यांनी ती मला परत केली. मिरजगावात उतरलो तेव्हा दिवस कलला होता. आई ओट्यावर धान्य पाखडत होती. तिनं मान वर केली, उघड्या डोक्याचे दाजी बघितले आणि सूप तिच्या हातून पडलं. आमच्याकडं माणूस गेलं तरच पुरुष उघड्या डोक्यानं दारात येतो.

"काय झालं?" ती किंचाळली. "म्हातारी गेली का?"

"न्हाई, न्हाई," दाजी पुढं झाले. "सायकलीत घातलाय पटका. कुनी गेलं न्हाई." आणि त्या घाबरगुंडीतच, ओट्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सांगून टाकलं. मला सांगताना त्यांना टायरमध्ये तोंड घालता आलं होतं, तसं इथं आलं नाही.

आई बराच वेळ सांडलेली ज्वारी गोळा करत राहिली. पोरगी रांगत आली आणि दाणे तोंडात घालायला लागली, तिच्या तोंडातून आईनं ते बोटानं काढले. मी तिथंच उभा होतो. मला वाटत होतं आता आई ओरडेल, निदान रडेल, आणि तसं झालं असतं तर मलाही काही करता आलं असतं.

"नवरी चांगली हाय का?" तिनं शेवटी विचारलं.

"मी एकदाच बघितलीया," दाजी म्हणाले. "हाताला काम हाय तिच्या."

"तिला लगीन झाल्यावर हिकडं घिऊन या. आदी माज्याकडं. मग रानात न्हाई तर कुठं न्यायची तिकडं न्या." आई उठली आणि पाणी तापवायला आत गेली. दाजींच्या पायांना फोड आले होते. पाणी तिनं स्वतः आणून ठेवलं.

लग्नाला आमच्यातलं कुणी गेलं नाही. माघ संपता संपता दाजी तिला घेऊन आले, चालत, कारण सायकल तोवर आढ्याला लागली होती. ती माझ्यापेक्षाही लहान असेल. हिरवं लुगडं नेसली होती आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक होता, अक्काच्या नावाचा. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की तिनं तो घालायचा असतो. तो टाक तिनं पदराखाली झाकला नव्हता, वर ठेवला होता. आईनं तो हातात घेऊन बघितला, मग तिला चुलीपाशी नेऊन बसवलं आणि म्हणाली, "हे तुजं म्हायेर." दोघी रडल्या. मी बाहेर आलो, बांधापर्यंत गेलो, परत आलो.

पोरगी दोन वर्षं आमच्याकडंच राहिली आणि मग हळूहळू त्यांच्याकडं गेली, एक बाजार इकडं, एक बाजार तिकडं असं करत. मला त्याच उन्हाळ्यात खर्ड्याच्या शाळेत नेमणूक मिळाली. तिथंही वर्गात मी बसायचो नाही, दारापासून फळ्यापर्यंत चालत शिकवायचो. दाजी आणि मी पुन्हा कधी बरोबर पळालो नाही. पुढं शर्यत झाली की नाही, मला माहीत नाही.

त्या पहिल्या भेटीत मी बांधावरून परत आलो तेव्हा नवी नवरी ओट्यावर एकटीच बसली होती. दाजी वडिलांबरोबर मळ्यात गेले होते. मला बघून ती उठून उभी राहिली. मी म्हटलं, बसा. ती बसली नाही. मीही उभा राहिलो. एक पाय हलायला लागला होता, तो मी दाबून धरला.

"तुमी मास्तर ना?" तिनं विचारलं. "त्यांनी सांगितलं. नगरपतोर पळालासा म्हून."

"व्हय."

"तुमी मला काय म्हननार?"

 तिनंच पुढं सांगितलं, "आईंनी सांगितलंय, तुमी मला अक्का म्हनायचं म्हून. पन तुमाला जड जात असंल तर नगा म्हनू. मला चालंल."

मी तेव्हा तिला काहीच म्हटलं नाही. वर्षभर काही न म्हणता बोलत राहिलो, 'अहो' नाही, 'अगं' नाही, नुसतं वाक्य सुरू करून. मग एका दिवाळीला आईनं भाऊबीजेला तिच्यापुढं पाट मांडून मला बसवलं. तिनं ओवाळलं, आणि मी वाकताना तोंडातून आपोआप निघालं, धाकटी अक्का.